आडव्या पावसातलं वाचनालय : गगनबावड्याकडच्या एका गावाचं प्रकरण

गगनबावडा तालुक्यातल्या एका लहान गावात वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली, त्याची ही हकीकत. गावाचं नाव देत नाही, कारण वाचनालय समितीला ते नको आहे. इमारत मोठी नाही. सोप्यासकट, म्हणजे पडवीसकट, कौलाखालची सगळी जागा धरली तरी हजार चौरस फुटांच्या आसपास भरते. पण ती ठरवताना जे वाद झाले ते शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत घाटमाथ्यावर कुठेही काही बांधायला निघालं की पुन्हा होणारच आहेत, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

जुनं वाचनालय देवळामागच्या एका खोलीत होतं. वर सिमेंटचा पत्रा, खाली शहाबादी फरशी, भिंतीला चिकटवून ठेवलेली लोखंडी कपाटं. शासनमान्य, 'ड' वर्ग, म्हणजे सगळ्यात खालचा. या वर्गाला किती पैसे मिळतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. २०२२ मध्ये शासनाने ग्रंथालयांचं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा 'ड' वर्गाचे वर्षाचे ३० हजार रुपये ४८ हजार झाले. ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, पेपर, वीजबिल, सगळं त्यातच. इमारतीचं नाव काढायचं नाही.

कोल्हापुरात हे जास्त खटकतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. सार्वजनिक ग्रंथालयांचा भारतातला पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला, महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ मध्ये आला. पहिला कायदा आमचा, आणि पुस्तकं मात्र गळक्या पत्र्याखाली. असो.

त्या खोलीत जून ते सप्टेंबर बसणं शक्य नव्हतं. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग वाचन कसलं! ऑक्टोबरात कपाट उघडलं की मागच्या ओळीतली पुस्तकं एकमेकांना चिकटलेली, कण्यावर पांढरी बुरशी. ग्रंथपाल ताई दरवर्षी ती पुसत आणि दरवर्षी काही पुस्तकं रद्दीत जात. येणारे वाचक तीन तऱ्हेचे. सकाळी पेपरसाठी म्हातारी माणसं, दिवसभर पोलिस भरती आणि स्पर्धा परीक्षांची पोरं, आणि संध्याकाळी कादंबरी बदलून न्यायला येणाऱ्या थोड्या बायका. बायका दारातूनच पुस्तक घेऊन परत फिरत. पोरांनी भरलेल्या त्या खोलीत त्यांना बसावंसं वाटत नव्हतं.

गावातले मुंबईकर गणपतीला आले असताना नव्या इमारतीची गोष्ट निघाली. मुंबईकर मंडळाने वर्गणीची तयारी दाखवली, ग्रामपंचायतीने होकार दिला, आणि त्याच बैठकीत कुणीतरी मोबाइलवर एक फोटो दाखवला.

फोटोतलं वाचनालय

फोटो चीनमधल्या लीयुआन वाचनालयाचा होता. बीजिंगच्या उत्तरेला डोंगरात ह्वायरौ भागात एक खेडं आहे, तिथे ली श्याओदोंग या वास्तुरचनाकाराने २०११ मध्ये ते बांधलं. आकार सुमारे १७५ चौरस मीटर. आत पोलाद आणि काचेची पेटी, बाहेरून तिला काटक्यांचं कवच. तिथली माणसं घराभोवती सरपणाच्या काटक्या रचून ठेवतात. त्यानेही त्याच काटक्या उभ्या लावून भिंती झाकल्या. लांबून पाहिलं तर डोंगराचाच एखादा कोपरा वाटावा. आत पायऱ्यापायऱ्यांची लाकडी बैठक, त्या पायऱ्यांमध्येच पुस्तकं, आणि काटक्यांतून गाळून आलेला मऊ उजेड. २०१४ मध्ये त्याला कॅनडाचा मोरियामा पुरस्कार मिळाला. इमारत खरोखर देखणी आहे, यात वाद नाही.

बैठकीतल्या सगळ्यांना ती आवडली. आपल्याकडे काय काटक्यांना तोटा आहे? काम घेतलेली कोल्हापूरची तरुण वास्तुरचनाकारही त्याच वाटेने विचार करत होती. तिचा पहिला आराखडा असा: गावाबाहेर, सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या) कडेला, देवराईच्या तोंडाशी काचेची लांबट खोली. बाहेरून मेसकाठीच्या, म्हणजे बांबूच्या, उभ्या काठ्या. पुढे दरी.

गावातल्या जुन्या गवंडी मामांनी तो कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "मॅडम, हितला पाऊस वरनं पडत न्हाई, आडवा येतोय. तुमच्या काठ्या पयल्या साली काळ्या पडतील, दुसऱ्या साली बुरशी, तिसऱ्या साली सरपण."

हसणं झालं, पण मामांच्या बोलण्यात जे होतं ते आकड्यांतही दिसतं. बीजिंगला वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गगनबावड्याला तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, घाटातून वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर. बीजिंगचा पाऊस पाहायचा तर बीजिंगला जायला नको, आपल्याच जिल्ह्यातलं शिरोळ पुरेसं आहे. तिथे पाच-सहाशे मिलिमीटरच पडतो. ते काटक्यांचं कवच शिरोळात कदाचित टिकेल. एका जिल्ह्यात एवढा फरक असताना 'निसर्गाशी एकरूप' म्हणून एकच चित्र सगळीकडे कसं चालेल?

इथे वास्तुरचनाकाराचं कौतुक करायला हवं. तिने आराखडा मागे घेतला आणि मामांना घेऊन गावातली जुनी घरं बघत फिरली. तिचा प्रश्नच बदलला. इमारत झाडीत कशी दिसेनाशी होईल याऐवजी इथली जुनी घरं पावसाशी कशी वागतात, हे ती विचारायला लागली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. बाकीचं त्यातून आपोआप निघालं.

जागा

सड्याकडेची जागा दोन कारणांनी गेली. पहिलं कायद्याचं. ती जागा गायरान होती. गायरान आणि गावाच्या सामाईक जमिनींवर बांधकामं होऊ देऊ नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल आहे, आणि त्यानंतर महसूल खातं याबाबत कडक झालं आहे. वाचनालय सार्वजनिक कामाचं असलं तरी त्यासाठी प्रस्ताव, मोजणी आणि परवानग्यांत वर्षं गेली असती.

दुसरं कारण बचत गटाच्या बैठकीत निघालं, आणि मला ते पहिल्याहून वजनदार वाटतं. एक मावशी म्हणाल्या, "तिकडं सांच्याला गवं उतरत्यात. आमच्या पोरी कशा जातील?" गव्यांचं राहू दे, अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या वाटेने मुलींना पाठवायला कुठलं घर तयार होतं? त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न आला, बायकांसाठी संडास कुठे? पहिल्या आराखड्यात तो नव्हताच. देखण्या इमारतींच्या फोटोंत तो कधीच नसतो.

शेवटी जागा ठरली दूध संस्थेच्या मागे, गावठाणात. कोल्हापूर जिल्ह्यातलं कुठलंही खेडं घ्या, सकाळ-संध्याकाळ घरटी एक माणूस हातात किटली घेऊन डेअरीवर येतंच. बाई येते, म्हातारा येतो, शाळकरी पोर येतं. तिथे बाईमाणसाच्या उभं राहण्यावर कुणी बोट दाखवत नाही. वाचनालयाची वेळही संध्याकाळच्या दुधाला जोडली. दूध घालायचं, पुस्तक बदलायचं, घरी जायचं. मागच्या बाजूला ओढा, ओढ्याकाठी जांभळीची दोन जुनी झाडं आणि एक फणस. दरीचा देखावा गेला, पण झाडं तोडावी लागली नाहीत.

'सभोवताल' म्हणताना आपण डोंगर आणि झाडीच का धरतो, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. डेअरीची गर्दी, पाणंदीतून घरी येणारी गुरं, गावातली गुलाबी आणि पोपटी रंगाची स्लॅबची घरं हाही सभोवतालच. या घरांबद्दल एक निरीक्षण. स्लॅब टाकल्यावर दोन-चार पावसाळ्यांत तो झिरपतो, आणि मग त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड उभी राहते. म्हणजे पैसे खर्चून सपाट छप्पर केलं आणि पुन्हा उतरत्या छपरावरच आलो. समितीतल्या दोघांचा स्लॅबचा आग्रह होता. वास्तुरचनाकाराने त्यांना वाद न घालता गावातल्या अशा शेडा मोजून यायला सांगितलं. ते आले आणि गप्प बसले.

छप्पर, भिंत आणि पाणी

हिशोब साधा आहे. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर ५,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका पावसाळ्यात साडेचार लाख लिटरहून जास्त पाणी या एका छपरावरून खाली येणार. घाटात २०० मिलिमीटरचा दिवस नवलाचा नाही. त्या एका दिवसात १८ हजार लिटर. हे पाणी कुठे पडतं, पडल्यावर किती उडतं आणि कुठे जातं, यावर इमारतीचं आयुष्य ठरतं.

पन्हळी लावायच्या का, यावर बराच खल झाला. झाडं इतकी जवळ की जांभळीची पानं पहिल्याच आठवड्यात पन्हळ बुजवतील, आणि भर पावसात शिडी लावून ती साफ करायला कोण चढणार? पन्हळ नकोच, असं ठरलं. पागोळ्या सरळ खाली पडू द्यायच्या, पण जिथे पडतील तिथे काळ्या दगडाच्या खडीचा रुंद पट्टा, त्याखाली दगडी गटार आणि ते थेट ओढ्याला. खडीवर पडलेलं पाणी मातीसारखं उडत नाही, भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग भिजत नाही. फार स्वस्त उपाय आहे, आणि नव्या बांधकामांत हटकून विसरला जातो.

भिंती जांभ्याच्या. सड्याचा हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने तासता येतो, आणि हवा लागली की टणक होत जातो. पण त्यात बारीक छिद्रं असतात आणि तो पाणी पितो. बांधकामाच्या जांभ्यासाठी भारतीय मानकात पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या १२ टक्के आहे आणि दाबाची ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लागते. एकमजली इमारतीला ही ताकद पुरते, पाण्याचं मात्र बघावं लागतं. उघडा जांभा छान दिसतो म्हणून पश्चिमेची भिंत पावसात उघडी ठेवली तर आतून ती ऑक्टोबरपर्यंत गार आणि ओली राहते.

म्हणून जुन्या घरांसारखा सोपा आला. पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तिन्ही बाजूंनी सहा फूट रुंद, मधल्या खोलीभोवती. नुसतं छप्पर बाहेर काढून अधांतरी ठेवलं असतं तर घाटातल्या वाऱ्याने ते खालून उचललं असतं, म्हणून सोप्याला खांब. पश्चिमेला आणि दक्षिणेला जूनच्या आधी गवताच्या तट्ट्या बांधायच्या, दिवाळीत काढायच्या. गावात गोठ्यांना अजूनही तसंच करतात. म्हणजे कवच आलंच, पण दरवर्षी कुजणारं आणि दरवर्षी नवं होणारं. मामांचा काटक्यांवरचा आक्षेप काटक्यांवर नव्हताच, त्या कायमच्या समजण्यावर होता.

भिंतीत सिमेंट घालायचं नाही असा एका तरुण कार्यकर्त्याचा हट्ट होता. माती आणि चुनाच. त्याच्या भावनेबद्दल आदर ठेवून सांगतो, इथे तो हट्ट धोक्याचा होता. कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या विभागात धरलं जातं आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या भागाने अनुभवला आहे. दगडी भिंतींचे कोपरे हलताना आधी सुटतात. इंजिनिअरने जोत्याला आणि खिडक्यांच्या वर लोखंडी सळ्यांचे काँक्रीटचे पट्टे घ्यायलाच लावले. दगडांचे सांधे चुन्याचे, पट्टे सिमेंटचे. दोन्ही बाजू थोड्या नाराज राहिल्या.

कौलांचा वाद सगळ्यात लांबला. मंगलोरी कौलं हवीत यावर एकमत होतं, शाकारणी कोण करणार यावर नव्हतं. दरवर्षी मेमध्ये छपरावर चढून कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा बसवायची, हे काम जाणणारी माणसं आता गावात बोटांवर मोजण्याइतकी. शिवाय वानरं. जांभळं पिकली की टोळी येते आणि झाडावरून थेट छपरावर उडी. एक कौल सरकलं की खाली पुस्तकांवर धार.

तोडगा निघाला तो असा: खाली रंगीत पत्रा, त्यावर पट्ट्या, त्यावर कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून ओघळून जातं, आणि कौलं वर असल्यामुळे पत्रा वाजत नाही, उन्हाळ्यात तापतही नाही. खालून बांबूच्या चटयांचं छत, म्हणजे पत्रा दिसत नाही. शुद्ध कौलारू म्हणणाऱ्यांना हे पटलं नाही. मला मात्र हा या इमारतीतला सगळ्यात शहाणा तपशील वाटतो. ज्या वाचनालयाला एवढं तुटपुंजं अनुदान मिळतं, त्याने दर मेमध्ये शाकारणीवर अवलंबून राहावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. वासे आणि तुळया गावातल्याच एका पाडलेल्या घराच्या जुन्या सागवानाच्या आहेत. नव्या सागवानाचे पैसे नव्हते, आणि जुनं लाकूड पोसलेलं असतं.

चूल नसलेलं घर

बांधकाम चालू असताना एकाने प्रश्न केला, एवढा खटाटोप कशाला, भिलारसारखं करू की. पाचगणीजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. तिथे घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत आणि पाऊस तिथेही दांडगा. सूचना वरवरची नव्हती. भरतीच्या पोरांना बसायला जागा हवी म्हणून ती मागे पडली, पण तिच्यामुळे एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. राहत्या घरात माणसांचा वावर असतो आणि पूर्वी चूल असायची. चुलीची ऊब आणि धूर माळ्यापर्यंत जायचा. वासे कोरडे राहायचे, किडा लागत नसे, माळ्यावरचं धान्य आणि पोथ्याही टिकायच्या. वाचनालयाला चूल नाही. ते रात्रभर बंद, लावणीच्या दिवसांत दिवसाही रिकामं. मग ते कोरडं कशाने ठेवायचं?

जुलैत इथल्या हवेतली सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते. कागदावर बुरशी धरायला साधारण ६५ ते ७० टक्के पुरतात. म्हणजे दारं-खिडक्या उघड्या ठेवून निसर्गात मिसळून जाणारी खोली पुस्तकांसाठी चार महिने वाईट, आणि बंद ठेवली तर आतली ओल आतच कोंडते म्हणून त्याहून वाईट. पूर्वी लोक कपाटात चाळीस वॅटचा बल्ब लावून ठेवत, त्याच्या उष्णतेने आतली हवा सुकी राही. एलईडी आल्यापासून तोही उपाय गेला.

जे केलं ते असं. पुस्तकं मधोमध, माणसं कडेला. एकही मांडणी भिंतीला टेकलेली नाही, खालची फळी जमिनीपासून वीतभर वर. कपाटांना काचेऐवजी बारीक जाळीची दारं, म्हणजे हवा खेळते आणि उंदीर जात नाही. खोलीच्या वरच्या कडेला, पत्र्याच्या खाली, जाळी लावलेली सलग फट, कारण दमट आणि गरम हवा वर साचते. पूर्वेच्या दोन खिडक्या पावसातही उघड्या राहतात, वारा नैर्ऋत्येचा असल्याने तिथे झोत येत नाही. आणि ग्रंथपाल ताईंचा नियम: जूनच्या आधी जेवढी पुस्तकं घरोघर देता येतील तेवढी द्यायची, मुदत न घालता. ऐन पावसात वाचनालयाचा मोठा भाग लोकांच्या घरी, चुलीजवळ, टीव्हीजवळ, म्हणजे कोरड्यात. भिलारची सूचना अशी मागच्या दाराने आत आली. याला नियमात कुठे जागा आहे ते शोधायला गेलात तर सापडणार नाही, पण बुरशी त्यामुळेच कमी झाली असं त्यांचं ठाम म्हणणं आहे.

जुनी बांधीव पुस्तकं आणि गावाच्या जत्रेच्या जमाखर्चाच्या वह्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. त्यांचा रंग बदलला की तव्यावर गरम करून पुन्हा आत. पोथ्यांत वेखंड ठेवण्याची रीत इथे होती, ती कसरीसाठी, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्यांसाठी, चालू ठेवली. डांबर गोळ्यांनी पोरांची डोकी चढतात म्हणून त्या बंद.

वाळवीसाठी जोतं काळ्या दगडाचं आणि अडीच फूट उंच, लाकूड कुठेही जमिनीला टेकत नाही, खांबांखाली दगडी उथळे. हे जुनंच. पण पहिल्या वळवाच्या संध्याकाळी वाळवीची पाखरं उजेडावर झडप घालतात, त्याला उथळ्यांचा काय उपयोग? म्हणून सोप्यातले दिवे मंद, पिवळे आणि खाली तोंड असलेले. जंगल जवळ असल्याने तेही बरंच.

उजेड

सोपा आला तसा उजेड गेला. हे दुखणं पहिल्या पावसाळ्यातच कळलं आणि अजून पूर्ण सुटलेलं नाही.

वाचायला टेबलावर साधारण ३०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड लागतो. दाट ढगात बाहेरच काही हजार लक्स असतात, त्यातले दोन-तीन टक्के आत पोचले तरी शंभरच्या आसपास. सहा फुटांच्या सोप्यामागच्या खोलीत जुलैच्या दुपारी दिवा लावावाच लागतो, आणि जुलैतच वीज जाते. झाड पडतं, तार तुटते, दोन-दोन दिवस अंधार. सौरऊर्जेची सूचना आली, पण आठवडाभर सूर्य दिसत नाही तिथे बॅटरी भरणार कशी? एक लहान पॅनेल बसवलं आहे. ते दिवाळीनंतर उत्तम चालतं.

उत्तरेच्या उतारावर काही काचेची कौलं बसवली आणि त्यांच्याखाली पत्र्याऐवजी पारदर्शक पत्रा. उजेड वाचणाऱ्यांच्या बाकांवर पडतो, पुस्तकांवर नाही, कारण उन्हाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. बदल जाणवण्याइतका आहे, तरी पुरेसा नाही. उत्तरेचा सोपा मात्र अनपेक्षितपणे इमारतीतली सगळ्यात चांगली जागा ठरला. पाऊस तिथे पोचत नाही, उजेड सारखा असतो. म्हातारी माणसं पेपर घेऊन तिथेच बसतात, आणि संध्याकाळी डेअरीवरून आलेल्या बायका आता दारातून न परतता जोत्याच्या कट्ट्यावर टेकतात. आत पोरांच्या अभ्यासाचा भंग होत नाही आणि बायकांना पोरांच्या नजरेत बसावं लागत नाही. हे कुणी आखलं नव्हतं.

बिघडलेल्यांपैकी एक सांगायलाच हवं. बांबूच्या छताचा अर्धा माल, कीड लागू नये म्हणून, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घेतलेला, उरलेला घाईत तसाच आला. वर्षभरातच त्या अर्ध्यातून टेबलांवर पिवळसर पीठ पडायला लागलं. आता तेवढ्या चटया काढून बदलाव्या लागणार. बांबू कधी तोडला आणि भिजवला का, हे न विचारता तो विकत घेऊ नये.

सध्याचा वाद

भरतीच्या पोरांनी समितीकडे अर्ज दिला आहे: उत्तरेचा सोपा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून बंद करावा, पंखे आणि चार्जिंगचे पॉइंट द्यावेत, अभ्यासिका म्हणून चोवीस तास उघडी ठेवावी. त्यांची अडचण खोटी नाही. आतल्या बाकांवर जागा पुरत नाही आणि कोल्हापुरातल्या अभ्यासिकेची फी घरच्यांना झेपत नाही. मुंबईकर मंडळ खिडक्यांचे पैसे द्यायला तयार आहे. समिती अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

माझं मत मी त्यांना दिलं आहे. उत्तरेचा सोपा बंद केला तर मधल्या खोलीत येणारा उरलासुरला उजेड आणि हवा दोन्ही तुटतील, ओल पुन्हा पुस्तकांवर येईल, आणि कट्ट्यावर टेकणाऱ्या बायका पुन्हा दारातून परततील. बंद करायचाच असेल तर दक्षिणेचा करावा. तिथे तसंही पावसाळाभर तट्ट्या असतात, बसायला कुणी जात नाही. जांभ्याची अर्धी भिंत, वर काचा, झोत येणाऱ्या बाजूला आणखी दोन फूट छप्पर, आणि आत जायला वेगळं दार, म्हणजे रात्री पोरं बसली तरी पुस्तकांच्या खोलीला कुलूप राहील. पंखे आणि पॉइंट तिथे जरूर द्यावेत. चोवीस तासांची मागणी मात्र गव्यांचा आणि राखणदाराच्या पगाराचा विचार करून ठरवावी लागेल, आणि तो पगार अनुदानातून निघणार नाही. दूध संस्थेकडे रात्रीचा एक राखणदार आहे. त्याच्या पगारात वाचनालयाने काही वाटा उचलावा, असा प्रस्ताव सरपंच ताईंनी संस्थेच्या संचालकांपुढे ठेवला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.